प्रकल्प नोंदी : निधी शंभर, काम तीनशे चाळीसचं

३ फेब्रुवारी

काम हातात आलं. नदीकाठचं पूरमैदान आहे: बांध घालून नदीपासून तोडलेलं, चर खणून कोरडं केलेलं, अर्धंअधिक तणाखाली गेलेलं. जलतज्ज्ञ सरांनी नकाशावर त्याचे ४१ तुकडे पाडून नंबर दिलेत. खऱ्या रकमा नोंदवहीत लिहायच्या नाहीत असं ठरलंय, म्हणून हातातला निधी १०० धरते. सगळे तुकडे करायचे म्हटले तर कच्च्या हिशोबानं ३४० लागतात. म्हणजे बहुतेक काम होणार नाही, हे आजच पक्कं. होणारं कुठलं, ते ठरवायचंय.

निधी देणाऱ्यांच्या पत्रात मात्र पहिली मागणी भलतीच: ‘या परिसंस्थेचं एकूण आर्थिक मूल्य काढून द्यावं.’ मी मान डोलावली आणि चार आठवडे मागून घेतले.

७ फेब्रुवारी

एकूण मूल्याचा सगळ्यात गाजलेला आकडा १९९७चा. रॉबर्ट कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये जगभरच्या १७ परिसंस्था-सेवांची, म्हणजे निसर्गाकडून माणसाला होणाऱ्या फायद्यांची, किंमत वर्षाला सरासरी ३३ लाख कोटी डॉलर काढली. साऱ्या जगाचं उत्पन्न तेव्हा १८ लाख कोटींच्या आसपास होतं. निसर्गाचा विषय पैशाच्या भाषेत बोलता येतो हे या आकड्यानं लोकांना दाखवून दिलं, ते श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण मायकल टोमन या अर्थतज्ज्ञाचा शेरा मला जास्त आवडतो. तो म्हणाला, हा अनंताचा फारच कमी धरलेला अंदाज आहे. खरंच आहे. सगळ्या परिसंस्था एकदम गेल्या तर किती नुकसान, हे विचारायला तरी कोण उरणार?

हे वाचून हसले, आणि मग बसून तेच केलं. ठिकठिकाणच्या पाणथळींवरचे अभ्यास गोळा केले, हेक्टरी मूल्याची सरासरी काढली, आमच्या हेक्टरांनी गुणलं. तक्ता दिसायला झकास झालाय.

९ फेब्रुवारी

तक्ता उतरत्या क्रमानं लावला. सहा नंबर पहिला. सरांनी चष्मा वर केला, पाच मिनिटं रकाने बघितले आणि म्हणाले, “मॅडम, हा क्षेत्रफळाचा क्रम आहे.”

तोच होता. प्रत्येक तुकड्याला हेक्टरी एकच भाव लावल्यावर दुसरं काय निघणार? दोन दिवस खपून मी सिद्ध केलं की सगळ्यात मोठा तुकडा सगळ्यात मोठा आहे. वर सहा नंबर रस्त्याच्या भरावापलीकडे. कितीही मोठा पूर आला तरी तिथं नदीचं पाणी पोचत नाही.

चूक गुणाकारात नव्हती, प्रश्न घेण्यात होती. पाण्यावाचून जीव जातो, तरी भरल्या हौदात पडणाऱ्या पुढच्या बादलीला कोणी काही मोजत नाही. आम्हाला ठरवायची ती पुढची बादली. या तुकड्यावर पुढचे दहा खर्च केले तर काय वाढतं, आणि तेच दहा पलीकडे लावले असते तर काय वाढलं असतं? एकूण मूल्याच्या आकड्यात या दोन्हींपैकी एकाचंही उत्तर नाही. निधीवाल्यांना तसं कळवलं. अजून उत्तर नाही.

जाता जाता: क्षेत्रफळाची ही भूल आमच्यापुरती नाही. २०११च्या बॉन आवाहनात २०२०पर्यंत १५ कोटी हेक्टर जमीन पूर्वपदावर आणायला सुरुवात करायची होती. डिसेंबर २०२२च्या कुनमिंग-माँट्रियल जैवविविधता आराखड्यातलं दुसरं उद्दिष्ट २०३०पर्यंत बिघडलेल्या परिसंस्थांपैकी किमान ३० टक्क्यांवर काम चालू असावं, असं सांगतं. उद्दिष्टं चांगलीच आहेत. पण मोजमाप हेक्टरांचं ठेवलं की हेक्टर जिथं स्वस्त मिळतात तिकडे पाय आपोआप वळतात.

१६ फेब्रुवारी

फिल्डवर. सतरा नंबर. आराखड्यात इथं रोपं लावायची आहेत: नर्सरी, खड्डे, मजुरी, दोन वर्षं पाणी, एकूण खर्च ९.

वनस्पतितज्ज्ञ मॅडमनी पिशवीतून एक मीटर बाय एक मीटरची चौकट काढली आणि तणात टाकली. दोघी गुडघ्यांवर बसलो. वरून बघितलं तर निव्वळ तण. मॅडमनी ते दोन्ही हातांनी फाकवलं, तर खाली तोडलेल्या जुन्या खोडाच्या कडेनं फुटवे: बोटभर, तांबूस, शेंड्याला दोन पानं. त्या मोठ्यानं मोजत होत्या, मी लिहीत होते. पहिल्या चौकटीत ७. दुसरी चौकट चार पावलांवर, तिथं ३ आणि वर एक बियांपासून उगवलेलं रोप. तिसरीत शून्य, पण तिथून गुरांची वाट गेलीय. अशा वीस चौकटी टाकल्या. संपेपर्यंत माझे गुडघे बोलायला लागले होते.

“इथं लावायचं कशाला? हे यायलाच निघालंय,” मॅडम म्हणाल्या. “तण काढा, गुरं दोन-तीन वर्षं लांब ठेवा, बस.”

तेवढ्याचा खर्च २.

आल्यावर तक्त्यात नवा रकाना घातला. नाव ठेवलं ‘तसंच सोडलं तर’. पैसे द्यायच्या आधी हा रकाना भरायचाच, असं आजपासून.

१७ फेब्रुवारी

त्या एका रकान्यानं सगळं उलटंपालटं केलं.

सतरा नंबर, वीस वर्षांनंतरची स्थिती आमच्या गुणपट्टीवर: लागवड केली तर ३०, नुसतं राखलं तर २७, काहीच केलं नाही तर २४. आधीच्या तक्त्यात मी लागवडीच्या नावावर अख्खे ३० मांडले होते. तिचे खरे गुण ६ आणि खर्च ९. राखणीचे गुण ३, पण खर्च २. पैशाला पैसा लावून बघितलं तर राखणी दुपटीहून सरस.

पाच नंबर त्याच्या नेमका उलट. आज बरा दिसतो, गुण २०. शेजारचा चर दरवर्षी थोडा खोल होतोय, तसंच सोडलं तर वीस वर्षांत ४वर येईल. चर बुजवायला ३ लागतात, मग २०चे २० राहतात. आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवला तर काही बदललेलं दिसणारच नाही, आणि तरी ३ खर्चून १६ मिळालेले असतील. अहवालाच्या मुखपृष्ठावर असला तुकडा कधी येत नाही. आमच्या यादीत तो दहाव्याच्याही खाली होता, आता पहिला आहे.

मॅडमनी एक सावधगिरीची सूचना दिली. फुटवे दिसले म्हणून सगळीकडे राखणीवर सोडून देता येत नाही. बी येईल असं जंगल जवळ नसेल, माती दबून टणक झाली असेल, तर तिथं वाट बघत बसणं म्हणजे पैसे वाचवल्याचं सोंग. उलट बाजूनं, लावलं म्हणजे आलं असंही नाही. श्रीलंकेत २००४च्या त्सुनामीनंतर कांदळवनांची मोठी लागवड झाली. पुढं २३ जागा तपासल्या तेव्हा त्यांतल्या ९ जागी एकही रोप जिवंत नव्हतं. कांदळाला भरती-ओहोटीचं पाणी ठराविक उंचीवर, ठराविक वेळच लागतं. चुकीच्या उंचीवर चिखलात रोप रोवलं की ते बुडून मरतं. पाण्याची वाट मोकळी केली तर पुष्कळ ठिकाणी बी आपणहून येऊन रुजतं. खर्चाच्या रकान्यात मात्र रोपांची संख्या लिहिणं सोपं, पाण्याची उंची लिहिणं अवघड.

२१ फेब्रुवारी

खर्चाचे आकडे. चार दिवस यातच गेले आणि ते गेले याचं वाईट वाटत नाही. फायद्याच्या आकड्यांवर सगळे तावातावानं बोलतात. खर्चाचा रकाना मात्र कोणीतरी फोनवर विचारून भरून टाकतो.

आमच्याकडे तुकड्या-तुकड्यात फायद्याइतकाच खर्चाचाही फरक मोठा आहे. असं असताना नुसत्या फायद्याच्या क्रमानं निवडणं म्हणजे बाजारात किंमत न विचारता पिशवी भरणं. आमच्याच तक्त्यातलं: आठ नंबर, खर्च ३०, गुण ६०, फायद्यात सगळ्यांच्या वर. बारा, एकोणीस आणि तेहेतीस हे प्रत्येकी खर्च ८, गुण २२. तिन्ही मिळून २४ खर्चून ६६, वर ६ शिल्लक. ‘सर्वोत्तम जागा’ हरली.

हे नवं नाही. १९९८ साली ‘सायन्स’मध्ये अमेरिकेतल्या संकटग्रस्त प्रजातींवर एक अभ्यास आला. नुसत्या प्रजाती बघून काउंट्या (तिथले जिल्हे) निवडण्याऐवजी जमिनीची किंमतही धरली, तेव्हा तेवढ्याच प्रजाती कितीतरी कमी पैशांत सामावल्या. २०२०मध्ये बर्नार्डो स्ट्रासबर्ग आणि सहकाऱ्यांनी तोच विचार जगभर लावला. रूपांतरित झालेल्या जमिनीपैकी १५ टक्के नेमक्या अग्रक्रमाच्या ठिकाणी पूर्ववत केली तर नामशेष होतील अशी भीती असलेल्या प्रजातींपैकी ६० टक्के वाचू शकतात आणि २९९ गिगाटन कार्बन डायऑक्साइड शोषला जाऊ शकतो. जागा हिशोबानं निवडल्यानं पैशाचा परतावा १३पटीपर्यंत वाढू शकतो, असंही त्यांना दिसलं. जमीन तेवढीच. ‘कुठं’ बदललं.

खर्चात काय काय धरलं ते लिहून ठेवते, नंतर वाद नको: एकदाचं काम, दहा वर्षांची देखभाल, जमीनधारकाचं बुडणारं उत्पन्न म्हणजे संधी खर्च, आणि बोलणी, कागदपत्रं, खेपा. शेवटचं कोणीच धरत नाही. बारीक बारीक पाच धारकांचा एक तुकडा आहे, त्यात खेपांचाच खर्च कामापेक्षा जास्त.

संधी खर्च किती, हे ज्याचा तो जाणतो आणि आपल्याला खरं सांगण्यात त्याचा काही फायदा नसतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं २००१मध्ये ‘बुशटेंडर’ नावानं लिलाव ठेवला: किती पैसे मिळाले तर आपल्या जमिनीवरची मूळ झाडी राखाल, ते पाकिटात घालून द्या. निसर्गाचा गुण आणि मागितलेली रक्कम यांचं गुणोत्तर ज्यांचं चांगलं, त्यांच्याशी करार. आमच्याकडे धारक थोडे आणि सगळे एकमेकांच्या ओळखीतले, पाकिटं फुटायला संध्याकाळ लागणार नाही. तरी काही तुकड्यांपुरतं करून बघू.

२६ फेब्रुवारी

आज सरांनी माझं गुणोत्तर मोडलं.

प्रत्येक तुकड्याचे गुण भागिले खर्च, वरून खाली यावं, १०० संपले की थांबावं. सुटसुटीत. नऊ नंबर म्हणजे बांधाला खिंडार पाडून नदीचं पाणी आत घ्यायचं: खर्च १४, गुण ५. बावीस नंबर त्याच्या खालच्या अंगाला, बुजलेला जुना प्रवाह मोकळा करायचा: खर्च ६, गुण १. दोन्ही यादीच्या तळाला.

“पाणी येणारच नाही तर मोकळा प्रवाह करून काय करता? आणि खिंडार पाडून पाणी आलं तर ते जाणार कुठं?” सर म्हणाले. कागदावर रेघ ओढून दाखवली. दोन्ही एकत्र केले तर खर्च २० आणि गुण ४८.

माझ्या पद्धतीत हे कधीच वर आलं नसतं. तुकडे सुटे धरले की बेरीज लागते, आणि पाणी बेरजेनं चालत नाही.

एल्वा नदीची गोष्ट आठवली. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात या नदीवर दोन धरणं होती, खालचं एल्वा १९१३चं आणि वरचं ग्लाइन्स कॅन्यन १९२७चं. माशांना वर जायला दोन्हींत वाट नव्हती. सामनच्या हिशोबानं नुसतं वरचं धरण काढणं म्हणजे शून्य, कारण मासा खालच्यापाशीच थांबणार. नुसतं खालचं काढलं तर वाट उघडते, पण थोडकी. दोन्ही काढली, सप्टेंबर २०११ ते २०१४मध्ये, तेव्हा ११० किलोमीटरहून जास्त लांबीची वाट मोकळी झाली. तिथं कोणी धरणनिहाय गुणोत्तर मांडलं असतं तर वरचं धरण आजही उभं असतं.

मग क्रम लावणं सोडून संच शोधायला घेतले. ४१ तुकडे, प्रत्येकाचं करा किंवा नका करू, म्हणजे २ लाख १९ हजार कोटींहून जास्त संच. हातानं शक्य नाही, सॉल्व्हरला (सगळ्यात चांगला संच शोधून देणाऱ्या संगणक-प्रणालीला) अट घालून दिली: ‘बावीस घ्यायचा तर नऊ हवाच.’ अशा जोड्या सरांनी सात सांगितल्या. बारा सेकंदांत उत्तर आलं. माझे आधीचे तीन आठवडे बघत बसले.

१ मार्च

एक उदाहरण नीट लिहून ठेवायचंय, कारण बैठकीत ते निघणारच आणि निघतं तेव्हा सगळे अर्धंच सांगतात.

न्यूयॉर्क शहराचं पिण्याचं पाणी बहुतांश कॅट्सकिल आणि डेलावेअरच्या डोंगराळ पाणलोटातून येतं. गाळण प्रकल्प बांधायचा तर ६०० ते ८०० कोटी डॉलरचा अंदाज होता. शहरानं १९९७मध्ये पाणलोटातल्या गावांशी करार केला आणि त्याच्या काही अंशातच जमीन, शेतीच्या पद्धती, सांडपाणी यांवर पैसे लावले. गाळणी बांधायची वेळ आली नाही. इथंपर्यंत सगळ्यांना पाठ.

उरलेलं अर्धं असं. शहराचंच दुसरं पाणलोट क्रोटन. तिथं वस्ती दाट झालेली, पाणी तेवढं राखता आलं नाही, आणि त्यासाठी गाळण प्रकल्प बांधावाच लागला. तो २०१५मध्ये सुरू झाला, खर्च ३०० कोटी डॉलरच्या वर. आणि कॅट्सकिलची बचत खरी ठरली ती कायद्यामुळे. उघड्यावरचं पाणी गाळा किंवा गाळण्याची गरज नाही हे सिद्ध करा, असा केंद्राचा नियम १९८९पासून डोक्यावर होता. झाडं नसती तर गाळणी खरोखरच बांधावी लागली असती. म्हणून गाळणीची किंमत झाडांच्या खाती मांडता आली.

आमच्या तक्त्यात मी पाणथळीच्या जलशुद्धीकरणापुढे असाच एक यंत्राचा खर्च मांडला होता. सरांनी विचारलं, “हे यंत्र कोण बांधणार होतं?” कोणीच नाही. रकाना खोडला. पुन्हा ‘तसंच सोडलं तर’.

५ मार्च

डिस्काउंट रेटवरून, म्हणजे पुढं मिळणाऱ्या फायद्याची आजची किंमत दरवर्षी किती टक्क्यांनी कमी धरायची यावरून, खणाखणी. वित्ताचे साहेब ८ टक्क्यांवर अडून बसलेत, मॅडम म्हणतात शून्य.

पन्नास वर्षांनी मिळणाऱ्या १००ची आजची किंमत: १.४ टक्क्यांनी ५०, ३ टक्क्यांनी २३, ८ टक्क्यांनी जेमतेम २. पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा पाणथळ थर) असलेले तुकडे सावकाश सुधारतात, ८ टक्क्यांना ते मेलेच. अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांच्या २००६च्या हवामान-अहवालावर विल्यम नॉर्डहाउस यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी धरलेली मुख्य हरकत हीच होती, दर सुमारे १.४ टक्के इतका खाली का. ब्रिटिश सरकारच्या ग्रीन बुकनं (सरकारी खर्च कसा तोलायचा त्याची पुस्तिका) मध्यम वाट काढली आहे: पहिली ३० वर्षं ३.५ टक्के, पुढं उतरत उतरत १ टक्क्यापर्यंत.

अर्थतज्ज्ञ मार्टिन वाइट्झमन यांचा मुद्दा मी फळ्यावर करून दाखवला. दर १ टक्का असेल की ७, ठाऊक नाही, दोन्ही शक्यता निम्म्या-निम्म्या. सहज कोणी म्हणेल सरासरी ४ घ्या. चारानं शंभर वर्षांनंतरच्या १००ची किंमत २ येते. पण सरासरी दरांची नाही, किमतींची काढायची: १ टक्क्यानं ३७, ७ टक्क्यांनी ०.१, सरासरी साडेअठरा. हा १.७ टक्क्यांच्या दराइतका झाला. काळ जितका लांब, तितका लहान दराचाच शब्द चालतो. साहेबांनी फळ्याचा फोटो काढला, पटलं मात्र म्हणाले नाहीत.

मग जे आधीच करायला हवं होतं ते केलं. २, ४ आणि ८ टक्के, तिन्ही घालून सॉल्व्हर चालवला. निवडलेले तुकडे १३, १३ आणि १२, त्यांतले १० तिन्ही वेळा तेच. म्हणजे सकाळभर आम्ही भांडत होतो ते तीन तुकड्यांवरून. पाच नंबर काहीही केलं तरी पहिलाच.

१० मार्च

आज मला स्वतःचीच शरम वाटली, ते लिहिते.

अठ्ठावीस ते एकतीस, चार तुकडे, संधी खर्च जवळपास शून्य. म्हणून संचात अगदी पुढं. आज तिथं गेलो. दोन बायका गवत कापत होत्या, पलीकडे एक म्हातारे गृहस्थ जनावरं वळवत होते. विचारलं तर म्हणाले, पिढ्यान्‌पिढ्या इथंच चारतो. सातबारा म्हणा, करारपत्र म्हणा, नाव कुठेच नाही. नाव नाही म्हणून बुडणारं उत्पन्न नाही, उत्पन्न नाही म्हणून तुकडा स्वस्त. माझ्या तक्त्यानं त्यांची चारणी फुकट धरली होती.

पुराच्या नुकसानीच्या रकान्यातही तेच. वाचणारं नुकसान मालमत्तेच्या किमतीत मोजलं की पक्क्या इमारतींची एक आळी पन्नास झोपड्यांना भारी पडते. कार्यक्षमतेचा हिशोब चुकलेला नसतो, तो फक्त हे विचारत नाही की फायदा कोणाच्या घरात गेला आणि तोटा कोणाच्या.

दोन गोष्टी केल्या. चारणीचं उत्पन्न लोकांना विचारून, जनावरं मोजून खर्चात धरलं. आणि प्रत्येक संचापुढे पैसे कोणाला, अडचण कोणाला, असे दोन रकाने जोडले. या दोन्हींना एकाच गुणात कोंबायचं नाही, असं मी आणि मॅडम दोघींनी ठरवलं. गुणात कोंबलं की निर्णय सॉल्व्हर घेतो. हा माणसांनी घ्यावा आणि घेतला म्हणून सही करावी. एकतीस नंबर संचातून गेला. अठ्ठावीस राहिला, पण चारणी सोडवायची नाही, पाळीनं करायची.

१३ मार्च

यशाची शक्यता. आतापर्यंत सगळे गुण आपण करू ते होईलच असं धरून होते. २०१२ साली ६२१ पुनरुज्जीवित पाणथळींची माहिती एकत्र करून बघितली गेली. दशकं उलटल्यावरही वनस्पती-प्राण्यांची रचना मूळच्या तुलनेत सरासरी २६ टक्के कमी, मातीतला कार्बन-नायट्रोजनचा व्यवहार २३ टक्के कमी. मोठ्या आणि पाण्याच्या प्रवाहाला जोडलेल्या पाणथळी लवकर सावरल्या. नऊ आणि बावीसच्या जोडीला हे अनुकूल.

गुण शक्यतेनं गुणले. लागवडीचे तुकडे आणखी घसरले, राखणीचे जवळपास जागेवर.

मॅडमनी चीनच्या लोएस पठाराचाही दाखला दिला. १९९९पासून उतारावरची शेती थांबवून तिथं प्रचंड हिरवाई आणली गेली, धूप खूप कमी झाली. पण २०१६च्या एका विश्लेषणानुसार नवी झाडी तिथल्या पाण्याच्या मर्यादेपर्यंत पोचत आली होती. झाडं पितात ते माणसांना उरत नाही. कोरड्या अंगाच्या दोन तुकड्यांवर झाडांऐवजी गवत केलं.

१९ मार्च

निधीवाल्यांचं उत्तर आलं: एकूण मूल्याचा आकडा प्रस्तावनेत असावाच. टाकला. प्रस्तावनेत.

२४ मार्च

अंतिम बैठक. १३ तुकडे, खर्च ९२. निधीतले उरलेले ८ मोजणीला. या मोजणीवरून दोन तास गेले.

माझी मागणी अशी होती: संचाच्या कडेवर आठ तुकडे जवळपास सारख्या गुणोत्तराचे आहेत. सगळ्यांना राखणीच पुरते, पैसे चौघांपुरतेच. कुठले चार, ते चिठ्ठ्या टाकून ठरवू. उरलेल्या चारांवर काहीही करायचं नाही, पण मोजायचे तितकेच काटेकोर. नाहीतर पाच वर्षांनी फुटवे वाढलेले दिसतील आणि आपल्यामुळे वाढले की तसेही वाढणार होते, हे कोणीच सांगू शकणार नाही. कोस्टा रिका १९९७पासून जंगल राखणाऱ्यांना पैसे देतं, योजनेचं नाव सगळ्या जगात झालं. सुरुवातीच्या वर्षांच्या अभ्यासांत मात्र दिसलं की पैसे मिळालेली पुष्कळशी जमीन तशीही तुटणार नव्हती. मोजायला न केलेली जमीन होती म्हणून ते कळलं तरी.

साहेब म्हणाले, “हातानं सोडून द्यायचे? आणि वर मोजायला पैसे?”

मॅडमही सुरुवातीला माझ्या बाजूला नव्हत्या. त्यांचं म्हणणं, सतराचे फुटवे आपण डोळ्यांनी बघितलेत, त्याला चिठ्ठीत कशाला घालायचं. मी म्हटलं, डोळ्यांनी बघितलंय म्हणूनच. आपला ‘तसंच सोडलं तर’चा २४ हा आकडा अंदाजच आहे, तो तपासायला त्याच्यासारखा तुकडा दुसरा नाही. थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग पाठकोऱ्या कागदाचे आठ तुकडे त्यांनीच फाडले.

सरांनी चिठ्ठ्या काढल्या. पहिल्या चार राखायच्या. सतरा त्यांत निघाला नाही.

२७ मार्च

सतरा नंबरवर वीसही चौकटींच्या कोपऱ्यांना लोखंडी खुंट्या ठोकून आलो, रंग पिवळा. पहिली मोजणी लिहिली: एकूण फुटवे ८३, बियांपासूनची रोपं ११, गुरांनी खाल्लेले शेंडे २९. कुंपण नाही, तण काढलेलं नाही. परत निघताना मॅडमच्या पायाशी एक वेल एका फुटव्याला गुंडाळून बसलेली दिसली. त्या वाकल्या, मग हात मागं घेतला.

पुढची मोजणी २७ सप्टेंबर.